तेकबरचा जव

वाळवंटातल्या आमच्या निर्वासितांच्या छावणीत तेकबरशी भांडून जिंकलेलं माणूस मी पाहिलेलं नाही. पाण्याच्या टाकीवर नाही, रेशनच्या रांगेत नाही, लग्नाच्या जेवणातसुद्धा नाही. मी तिची शेजारीण, महजूबा. आमच्या दोघींच्या तंबूंच्या दोऱ्या एकमेकींत अडकतात, इतक्या जवळ आम्ही राहतो. हे तंबू आम्ही पोरवयात आमच्या आयांच्या हाताखाली उभे केले. तेव्हा सगळे म्हणायचे, थोडे महिने कळ काढा, मग घरी जायचंय. आता आमचे केस पिकले आणि तंबूंच्या शेजारी मातीच्या खोल्याही उभ्या राहिल्या. घर समुद्राकाठी होतं हे मी अजून येईल-जाईल त्याला सांगते. तेकबर सांगत नाही. "जे डोळ्यांना दिसत नाही त्याच्या गप्पा मला नकोत," म्हणते.

तिच्या डोळ्यांना दिसायची ती सेनिया, तिच्या लेकीची लेक. तेकबरचा नवरा लढाईत गेला तेव्हा लेक, लहदिया, रांगत होती. तिला तेकबरनं एकटीनं वाढवलं, शिकवलं, मास्तरीण केलं. लहदियाला पहिली मुलगी झाली आणि आमच्या रीतीप्रमाणे ती आजीकडे राहिली. पुढे लहदियाचं दुसरं लग्न झालं, ती दाखला नावाच्या छावणीत गेली, इथून गाडीनं दिवसभराची वाट. पोर इथंच राहिली. यात कोणी कोणावर उपकार केले असं आमच्यात मानत नाहीत. सेनिया तेकबरला आई म्हणायची आणि जन्मदात्या आईला फोनवर नावानं हाक मारायची, "लहदिया, तू जेवलीस का?"

पोर मोठी गोड होती. बडबडी, नकलाकार. मी पाय ओढत चालते, तर ती माझ्यामागून तश्शी पाय ओढत यायची आणि मी वळले की शेळीशी बोलत असल्याचं सोंग करायची. मी रागावले की तेकबर म्हणायची, "तुझी चालच तशी, पोरीनं काय करावं!"

पण सेनियाला गव्हाचं दुखणं होतं. आमच्यात ते पुष्कळांना आहे, गल्लीत एखादं तरी पोर सापडतंच. गव्हाच्या पिठातलं काहीतरी पोटात टिकत नाही, आतड्याला खातं. दोन वर्षांची असताना तिचं पोट मडक्यासारखं झालं होतं आणि हातपाय काड्यांसारखे. दवाखान्यात रक्त तपासलं, पाव बंद झाला, वेगळ्या पिठाची खोकी मिळू लागली, आणि काही महिन्यांत पोरीच्या गालावर मांस आलं. तेकबरला यात नवल वाटलं नाही. "मदतीच्या पोत्यांतलं पीठ ते," ती म्हणाली. "कुठल्या परक्या जमिनीचं, कोण जाणे. आमच्या आया काय गहू खायच्या? दूध प्यायच्या, खजूर खायच्या, जव खायच्या. म्हणून तर शंभर कोस चालायच्या."

तिच्या तोंडी हा जव कायम असायचा आणि त्याला कारणही होतं. लढाई पेटल्यावर आम्ही घर सोडून पळालो तेव्हा तिच्या आईच्या खांद्यावर बकरीच्या कातड्याची पिशवी होती. पिशवीत भाजलेल्या जवाचं पीठ. तळहातावर चिमूटभर पीठ, वर घोटभर पाणी, की जेवण झालं. वरून विमानं जायची, खाली आम्ही बाभळीच्या मुळाशी डोकं घालून पडलेले. माझी धाकटी बहीण त्या वाटेवरच राहिली. तेकबर आणि तिचा भाऊ सालेक जगले. त्या पिठानं जगवलं, असं ती म्हणते. मी कधी वाद घातला नाही. ज्याला जे धरून उभं राहता येतं ते त्याच्या हातातून काढून घेऊ नये.

मागच्या वर्षी एका लग्नात सेनियाला कोणी तरी लाडानं बिस्किट दिलं. त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा पाहिलं की हे दुखणं पोटापुरतं नाही. दुसऱ्या दिवसापासून पोर बदलली. आधी गप्प झाली, हाक मारली तर बघायची पण ओ द्यायची नाही. मग एकदम उसळली. चहाचे पेले फेकले, स्वतःचे केस उपटले, उशी दातांनी फाडली. पोट धरून रडायची आणि जवळ जावं तर लाथा मारायची. आठवडाभरानं हळूहळू निवळली आणि पुन्हा माझ्यामागून पाय ओढत यायला लागली. लहदियाला हे कळलं तेव्हा ती फोनवर म्हणाली, "आई, पुन्हा असं झालं तर मी तिला इकडे आणीन. मला तिथं बसून राहवत नाही."

"आण की," तेकबर म्हणाली. "वाटेतच चावेल तुला!"

फोन ठेवल्यावर मात्र तिचा चेहरा पाहण्यासारखा नव्हता. "महजूबा, ती नेईल गं," एवढंच म्हणाली. मी तिला कधी कोणापुढे घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

यंदा पावसानंतर सालेक रानातून आला. तिकडे सखल जमिनीत पाणी साचलं, लोकांनी जव पेरला आणि चक्क पीक आलं. त्यानं बहिणीला एक पोतं आणून दिलं. आमच्यात असं काही आलं की पहिलं भांडं शेजाऱ्याकडे जातं. एकट्यानं खाणाऱ्या घराची काय किंमत होते ते मी सांगायला नको. तेकबर तर याबाबत सगळ्यांत कडक. तिच्या थाळ्यात कोणाचा हात नाही असं जेवण मी पाहिलं नव्हतं. त्या तेकबरनं ते पोतं गोधड्यांच्या मागं लपवलं. वाटून टाकलं असतं तर चार दिवसांत संपलं असतं. तिला ते सेनियासाठी हवं होतं. पोर वाढीची आहे, खोक्यातल्या पिठाच्या भाकरीत काही दम नाही, आपला जव खाईल तर हाडं धरतील. ती आईचं जुनं जातं घेऊन आत बसायची, जव भाजायची, दळायची, आणि लोणी-साखर घालून पोरीला भरवायची. धूर आला की मला सांगायची, कॉफीच्या बिया भाजतेय. मी भाबडी, मला खरं वाटायचं. पोतं लपवल्याचा माझा राग अजून गेलेला नाही. इतक्या वर्षांची शेजारीण, आणि मला कॉफी!

जवातही तेच असतं जे गव्हात असतं. हे मला आता माहीत आहे. तेव्हा मला माहीत नव्हतं आणि जिला माहीत असायला हवं होतं तिला ते कोणी सांगितलं असतं तरी तिनं ऐकलं नसतं.

सेनिया पुन्हा बदलली. या वेळी एकदम नाही, दिवसादिवसानं. आधी नकला थांबल्या. मग शेळ्यांची नावं घेईनाशी झाली. डोळ्यांखाली काळं आलं, पोट पुन्हा फुगलं. बालवाडीत एका मुलीच्या दंडाला चावली, मुलीच्या आईनं येऊन तेकबरच्या तंबूसमोर तमाशा केला. एरवी तेकबरनं त्या बाईला पळवून लावलं असतं. त्या दिवशी तिनं मान खाली घातली आणि चहा ठेवला.

मग मारणं सुरू झालं. सेनिया मारायची ती फक्त तेकबरला. परक्याला मारायला उठण्याइतकी ताकद नव्हती, आणि ही समोर असायची. थोबाडीत, छातीवर, हातात येईल त्यानं. तेकबर तिला मागून दोन्ही हातांनी मिठीत धरून जमिनीवर बसायची, आपल्या ओढणीत दोघींची डोकी झाकून घ्यायची आणि डोलत राहायची. पोर किंचाळायची, डोकं मागं आपटायची, तेकबरचा ओठ फुटायचा. मग केव्हातरी दमून ढिली पडायची. तेकबर तशीच बसलेली. मी म्हणायचे, "अगं, जरा सोड, मी धरते."

"तुला मारेल," ती म्हणायची. "मला मारू दे. माझीच आहे."

गल्लीतल्या बायकांना दुसरा उद्योग नव्हता. कोणी म्हणे जिन लागलाय, कोणी म्हणे आजीनं लाडावली. एकीनं कुठल्याशा म्हाताऱ्याकडून कागदावर कुराणातली आयत लिहून आणली, ती पाण्यात धुऊन पोरीला पाजली. मी त्या बाईला विचारलं, "तुझ्या नवऱ्याला का नाही पाजत?" तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही, आणि माझं काही अडलेलं नाही.

आम्ही दवाखान्यात गेलो. नर्सनं पोट दाबून पाहिलं आणि म्हणाली, "हिच्या पोटात काहीतरी जातंय. शोधा. पाव?"

"नाही," तेकबर म्हणाली.

"कुसकुस? शेवया? बिस्किट? शेजारी कोणी देतं?"

"नाही, नाही. कोणाची हिंमत आहे?"

ती खोटं बोलत नव्हती. नर्सनं जव विचारला नाही, कारण आमच्यात आता जव खातं कोण? तो आला तर शेळ्यांना येतो. आणि तेकबरनं आपण होऊन सांगितलं नाही, कारण एक तर तिच्या लेखी जव निर्दोष, आणि दुसरं, मी शेजारी बसले होते. माझ्यासमोर पोत्याचं नाव कसं काढणार?

मग आम्ही शोधायला लागलो. मी तिची भांडी राखेनं घासली, पुन्हा घासली. पोरीचा थाळा वेगळा केला. आमच्यात वेगळा थाळा म्हणजे शिक्षा. सेनिया त्या थाळ्याकडे बघायची आणि उलटा करायची. तिच्या दोस्तांना तंबूत यायची बंदी झाली. मी गल्लीतल्या प्रत्येक पोराच्या मुठी उघडून पाहिल्या. आणि पोर जसजशी वाळत गेली तसतशी तेकबर घाबरत गेली, आणि घाबरली की आत जाऊन जव दळायची. पोरीला दुसरं काही जात नव्हतं, पण ते मऊ, गोड पीठ तेवढं ती खायची. रडत रडत खायची. तेकबरला वाटायचं, निदान एवढं तरी पोटात जातंय, यावरच तगेल.

लहदियाला तिनं काही कळवलं नाही. फोन आला की म्हणायची, सेनिया खेळायला गेलीय. कळवलं ते बालवाडीच्या बाईंनी.

लहदिया रात्रभर प्रवास करून सकाळी आली, कोणाच्या तरी गाडीतून, धुळीनं माखलेली, कडेवर तान्हं पोर. मी माझ्या दारात होते. तिनं मला धड सलामही केला नाही, सरळ आत गेली. मागोमाग मी. तेकबर जात्याशेजारी बसली होती, मांडीवर सेनिया, हातात वाटी. वाटीतला घास पोरीच्या तोंडाशी.

लहदियानं वाटी घेतली, वास घेतला. "हे काय आहे?"

"जव," तेकबर म्हणाली. आणि माझ्याकडे पाहिलं. आधी तिला माझ्यासमोर लाज वाटली, पोरीची काळजी मागाहून.

"जव? आई, जव?" लहदियाचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "किती दिवस?"

"सालेकनं आणला. रानातला आहे, आपला. यात गहू नाही, पाव नाही. मी स्वतः निवडलाय."

"गव्हात जे असतं ते जवात असतं. तेच! तुझ्या हातानं तू हिला..." पुढचं ती बोलली नाही.

"कोण म्हणतं? ते दवाखान्यातले? कालची पोरं? मी जवावर जगले. तू माझ्या पोटात होतीस तेव्हा मी जव खाल्ला. तुला काय झालं? शिकलीस, मास्तरीण झालीस, आणि आता मला शिकवतेस!"

सेनिया तेवढ्यात मांडीवरून सुटली आणि तिनं लहदियाच्या पायाला चावा घेतला. तान्हं रडायला लागलं. मी तान्ह्याला घेतलं, तेकबरनं सेनियाला मागून धरलं, डोकं झाकलं आणि डोलायला लागली. लहदिया उभी राहून बघत होती. ती रडत होती, पण तिला बहुधा ते कळत नव्हतं.

पोर शांत झाल्यावर ती आईसमोर बसली. "आई, मी भांडायला आले नाही. हिला न्यायचं ठरवून आले होते, पण तू हिला कशी धरतेस ते पाहिलं. असं मला जमणार नाही. हिला इथंच ठेवते. फक्त एक कर. म्हण की हे जवामुळे झालं. पोतं महजूबामावशीला दे, आणि एवढं म्हण."

"पोतं देते. आत्ता देते."

"पोत्याचं नाही गं. पुढच्या पावसात मामा पुन्हा आणेल. तू कबूल कर, म्हणजे मला झोप लागेल."

मी तेकबरच्या तोंडाकडे बघत होते. म्हण ना बाई, मी मनात म्हणत होते. एक वाक्य आहे. तेवढ्यावर तुझी पोर तुझ्याजवळ राहतेय. तिचे ओठ हललेसुद्धा. मग तिनं जात्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "माझ्या आईनं मला जे भरवून जगवलं ते विष होतं असं मी म्हणू? मग माझी आई कोण? आणि मी कोण?"

"मी तुझ्या आईबद्दल नाही बोलत."

"मी बोलतेय."

लहदियानं पुष्कळ वाट पाहिली. आमच्या रीतीचे चहाचे तिन्ही पेले पिऊन झाले. मग ती उठली आणि सेनियाचे कपडे बांधायला लागली.

निघताना मला वाटलं होतं, पोर आजीला बिलगेल आणि सगळं विरघळून जाईल. पण ती सेनिया कुठं होती? ही दुसरीच होती. गाडीत घालताना तिनं लाथा झाडल्या, त्या सगळ्यांनाच. तेकबरनं तिच्या गालाला लावायला हात पुढं केला तर तिनं तो दोन्ही हातांनी ढकलला आणि तोंड फिरवलं. गाडी गेली. तेकबर हात तसाच पुढं धरून उभी. मी तिला आत नेलं.

तिसऱ्या दिवशी तिनं पोतं ओढत माझ्या तंबूत आणलं. "घे. सगळ्यांना घाल," म्हणाली. मी मोठा थाळा केला, गल्लीतल्या बाया जमल्या, म्हातारे आले. किती तरी वर्षांनी लोकांनी रानातला जव खाल्ला, काहींच्या डोळ्यांत पाणी आलं. तेकबरनं घासही घेतला नाही. ती एकेकाच्या तोंडाकडे बघत बसली होती. दुसऱ्या दिवशी ती घरोघर हिंडून आली आणि मला म्हणाली, "बघितलंस? कोणाला काही झालं नाही." हे ती जिंकल्यासारखं म्हणाली नाही. मला तिची इतकी कीव आली की मी नुसतं "हो गं" म्हणाले.

त्यानंतर ती बोलणंच विसरली. रेशनच्या रांगेत कोणी पुढं घुसलं तरी गप्प. लहदिया फोन करायची तो मला करायची, कारण ही उचलायची नाही. लहदियानं सांगितलं, आठवडाभर फार हाल झाले, मग पोट उतरलं, पोर झोपायला लागली. आणखी काही दिवसांनी म्हणाली, आज हसली. मी तेकबरला सांगितलं. तिनं विचारलं, "कशाला हसली?" ते मी विचारलं नव्हतं. तिला फार वाईट वाटलं.

मग एका दुपारी फोन आला आणि लहदिया म्हणाली, "मावशी, आईला द्या. सेनियाला बोलायचंय. ऐकतच नाहीये." मी फोनचा आवाज मोठा केला आणि तेकबरच्या पुढ्यात धरला, तिला नाही म्हणायला वेळच दिला नाही.

"आई?" सेनियाचा आवाज. तिचाच, जुना. तेकबरनं दोन्ही हातांनी फोन धरला.

"आई, मी आता मारत नाही."

तेकबरनं फोन तोंडाजवळ ओढला.

"लहदियाला पण मारत नाही. बाळाला पण नाही. विचार तिला. तिथल्या मुलीला पण चावणार नाही. आता मी येऊ?"

"सेनिया," तेकबर म्हणाली. आवाज इतका बसलेला की मला ओळखू आला नाही. "ते तू नाही केलंस गं बाळा."

"मीच केलं. तुझ्या ओठातून रक्त आलं होतं. मला आठवतंय."

"नाही. ऐक. तू नाही केलंस. ते जवामुळे झालं. मी तुला जव भरवला, म्हणून झालं. माझ्यामुळे झालं. तुझी काही चूक नव्हती."

पलीकडे लहदियाचा श्वास ऐकू आला. आम्ही तिघी ऐकत होतो.

"मग मला का पाठवलं?" तिनं विचारलं.

तेकबरनं फोन माझ्या हातात दिला. लहदिया काही बोलेल म्हणून मी तो कानाशी धरला. पलीकडून सेनियाच पुन्हा म्हणाली, "आई?" मी तिची आई नव्हते, म्हणून मी ओ दिली नाही.